‘पित्त उठलंय’ म्हणून सकाळची वाट पाहू नका: रात्री अचानक ॲलर्जी झाली तर काय करायचं

मराठी घरात ‘पित्त’ हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींना पुरतो. आंबट ढेकर आले तरी पित्त, उलटी झाली तरी पित्त आणि अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. एरवी या गोंधळाने फारसं बिघडत नाही. पण कोळंबीचं कालवण खाऊन झोपलेला माणूस रात्री साडेअकराला उठतो, अंग खाजवतो आणि दोनदा उलटी करतो, तेव्हा घरातले म्हणतात, “पित्त उसळलं, आमसुलाचं पाणी दे, सकाळी डॉक्टरकडे जाऊ.” त्या माणसाच्या त्वचेवर गांधी आहेत आणि पोटातूनही प्रतिक्रिया येते आहे. शरीराच्या दोन वेगवेगळ्या भागांत एकाच वेळी असं सुरू होतं, त्याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात, आणि त्यात सकाळपर्यंत थांबायची मुभा नसते.

वेळ किती असतो हे माहीत असलेलं बरं. ब्रिटनमधल्या ॲनाफिलॅक्सिसच्या मृत्यूंचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. प्रतिक्रिया सुरू झाल्यापासून हृदय किंवा श्वास थांबेपर्यंतचा मध्यक काळ (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) अन्नाच्या बाबतीत ३० मिनिटं, कीटकदंशात १५ मिनिटं आणि दवाखान्यात दिलेल्या औषधांच्या बाबतीत ५ मिनिटं निघाला. बहुतेक रुग्ण इतके गंभीर होत नाहीत, पण कोण होणार हे सुरुवातीला कुणालाच ओळखता येत नाही. म्हणून पुढचा सगळा क्रम पहिल्या काही मिनिटांत काय करायचं याभोवती बांधला आहे.

आधी मोठा दिवा लावा

झिरोच्या बल्बमध्ये काही दिसत नाही. ट्यूबलाइट लावा आणि माणसाला आहे तिथेच, पलंगावर किंवा गादीवर, राहू द्या. बाथरूममध्ये आरशासमोर नेऊ नका. घड्याळ पाहून वेळ लक्षात ठेवा, जमलं तर फोनवर लिहा. पुढे प्रत्येक डॉक्टर हाच प्रश्न विचारणार आहे.

आता पाच गोष्टी पाहा. याला दोन मिनिटंही लागत नाहीत.

पहिली त्वचा. सावळ्या रंगावर लाली पटकन दिसत नाही, त्यामुळे ‘लाल नाहीये’ म्हणून निश्चिंत होऊ नका. फोनचा टॉर्च त्वचेला जवळजवळ समांतर धरा, म्हणजे उंचवट्यांची सावली पडते आणि गांधी स्पष्ट दिसतात. पोट, मांड्यांची आतली बाजू आणि पाठ यांवरून तळहात फिरवा. तळहात, तळपाय आणि कानांच्या पाळ्या खाजतात का ते विचारा. गांधी दिसायच्या आधी बऱ्याचदा इथेच खाज सुटते.

दुसरी गोष्ट ओठ, जीभ आणि घसा. खालचा ओठ उलटवून पाहा. जीभ बाहेर काढायला सांगा. “घशात काही अडकल्यासारखं वाटतंय का?” हे विचारा, कारण रुग्ण आपणहून सांगेलच असं नाही. मग त्याला स्वतःचा पूर्ण पत्ता म्हणायला लावा. आवाज घोगरा झाला असेल किंवा पत्ता सांगताना मध्येच दम घ्यावा लागत असेल, तर उत्तर मिळालं. थुंकी गिळता येत नसेल आणि लाळ गळत असेल तर आणखी काही तपासायची गरज नाही.

तिसरी श्वास. छातीतून शिट्टीसारखा आवाज, सतत कोरडा खोकला, नाकपुड्या फुलणं, बरगड्यांमधली त्वचा आत ओढली जाणं. एकाएकी सुरू झालेला, न थांबणारा खोकला लोक फार सहज सोडून देतात. तो सोडू नका.

चौथी रक्ताभिसरण. चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, घाम, हातपाय गार पडणं, बारीक आणि वेगवान नाडी. “काहीतरी भयंकर होणार असं वाटतंय,” असं रुग्ण म्हणाला तर त्याला धीर देऊन गप्प करू नका. रक्तदाब घसरण्याआधी अशी भीती दाटून येणं हे या आजाराचं नोंदलेलं लक्षण आहे.

पाचवी पोट. जोराच्या कळा, पुन्हापुन्हा उलट्या, अचानक जुलाब.

लहान मूल यातलं काहीच सांगू शकत नाही. ते जीभ टाळूला घासतं, कान ओढतं, रडण्याचा आवाज बसतो, आणि मग एकदम मलूल होतं. त्या मलूलपणाला ‘रडून दमलं, झोपू दे’ म्हणणं ही या सगळ्यातली सर्वांत घातक चूक आहे. हाक मारा, हलवा, डोळे उघडतं का ते पाहा.

निर्णय कसा घ्यायचा

नियम सोपा आहे. त्वचेवर गांधी किंवा सूज असेल आणि जोडीला घसा, श्वास, रक्ताभिसरण किंवा पोट यांपैकी एक जरी बिघडलं असेल, तर ॲनाफिलॅक्सिस धरून चाला. पोटाच्या बाबतीत एखादी मळमळ नव्हे, जोराच्या कळा किंवा वारंवार उलट्या हव्यात.

यात एक खाच आहे. सुमारे १० ते २० टक्के रुग्णांत त्वचेवर काहीच दिसत नाही. म्हणून ज्याला कोळंबीची, शेंगदाण्याची किंवा एखाद्या औषधाची ॲलर्जी आधीपासून माहीत आहे आणि जे खायला नको ते पोटात गेलं आहे, त्याला गांधी नसतानाही धाप लागली, घसा आवळला किंवा चक्कर आली, तर तेवढं पुरेसं आहे.

शंका असेल तर गंभीर समजा. ॲनाफिलॅक्सिसवरचं मुख्य औषध म्हणजे ॲड्रेनलिन. त्याचं योग्य प्रमाणातलं इंजेक्शन मांडीत दिलं आणि नंतर कळलं की गरज नव्हती, तर धडधड, थरथर आणि डोकेदुखी होऊन थोड्या वेळात ओसरते. उलट बाजूची चूक भरून काढता येत नाही.

गंभीर असेल तर

१. आडवं करा. उताणं झोपवा आणि पायांखाली दोन उशा किंवा घडी केलेली गादी ठेवा. धाप लागली असेल तर पाठीला टेकू देऊन बसवा, पण पाय पुढे पसरलेले राहू द्या, पलंगावरून खाली लोंबकळू देऊ नका. उलट्या होत असतील किंवा शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवा. गर्भवती असेल तर डाव्या कुशीवर.

२. ॲड्रेनलिन घरात असेल तर लगेच द्या. कसं ते पुढे सांगितलं आहे.

३. दुसऱ्या माणसाने १०८ लावायचा. घरात एकच माणूस असेल तर फोन स्पीकरवर टाकून हातातलं काम चालू ठेवा.

४. दमेकरी असेल तर ॲड्रेनलिननंतर सालब्युटामॉलचा पंप द्या, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून, एका वेळी एक फवारा, असे चार ते दहा. पंप हा ॲड्रेनलिनला पर्याय नाही. तो फुप्फुसातल्या नळ्या मोकळ्या करतो, घशाची सूज आणि घसरलेला रक्तदाब यांवर त्याचा उपयोग होत नाही.

५. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर ॲड्रेनलिनचा दुसरा डोस, दुसऱ्या मांडीत.

६. हाक मारून उत्तर येत नसेल आणि श्वास थांबला असेल किंवा मध्येच एखादा आचका येत असेल, तर कडक जमिनीवर घेऊन छातीच्या मधोमध जोरात दाबायला सुरुवात करा. मोठ्या माणसात खोली ५ ते ६ सेंटीमीटर, वेग मिनिटाला १०० ते १२०. तोंडाने श्वास देता येत असेल तर ३० दाबांमागे दोन. मदत येईपर्यंत थांबू नका.

तोंडाने पाणी, दूध, ताक, लिंबूपाणी काहीही देऊ नका. घसा सुजत असताना ते श्वासनलिकेत जातं. बोटं घालून उलटीही करवू नका. अंगाला आमसूल किंवा गेरू चोळत बसण्यात वेळ तर जातोच, शिवाय त्या लाल-तपकिरी लेपाखाली त्वचा झाकली जाते आणि गांधी वाढल्या की कमी झाल्या ते डॉक्टरलाही दिसत नाही.

सेट्रिझीन किंवा एविल देऊन वाट पाहणं ही आपल्याकडची सगळ्यात सर्रास चूक. ही औषधं हिस्टामिनला, म्हणजे ॲलर्जीत शरीरात सुटणाऱ्या रसायनाला, अडवतात, खाज आणि गांधी कमी करतात. पोटात गेलेली गोळी चढायला अर्धा-एक तास लागतो, आणि चढल्यावरही ती सुजलेला घसा उघडत नाही की रक्तदाब उचलत नाही. एविलने गुंगीही येते. मग माणूस गोळीमुळे पेंगतोय की रक्तदाब कोसळल्यामुळे, हे रात्री दोन वाजता कुणी सांगायचं? स्टेरॉइडचा परिणाम दिसायला कित्येक तास जातात. काही मिनिटांत काम करणारं औषध एकच, ॲड्रेनलिन.

ॲड्रेनलिनचं इंजेक्शन

परदेशात मिळणारी, मांडीवर दाबली की डोस आपोआप जाणारी पेनं आपल्या औषध दुकानांत सहज मिळत नाहीत. कुणी बाहेरून मागवलेलं असेल तर ते टोपी काढून मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, ९० अंशांत ‘खट’ आवाज येईपर्यंत दाबायचं आणि वेष्टनावर लिहिलेले सेकंद धरून ठेवायचं. साधारणपणे ०.१५ मिलिग्रॅमचं पेन १५ ते ३० किलो वजनाला आणि ०.३ मिलिग्रॅमचं त्यावरच्या वजनाला.

आपल्याकडे सहसा मिळते ती काचेची १ मिलिलीटरची कुपी, तिच्यात १ मिलिग्रॅम ॲड्रेनलिन. ही फक्त डॉक्टरच्या चिठ्ठीने, डॉक्टरने समोर बसवून शिकवल्यावर आणि डोस लिहून दिल्यावरच घरात ठेवायची. हिशेब किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमचा. एका वेळचा डोस बारा वर्षांवरच्यांना साधारण ०.५ मिलिग्रॅम, सहा ते बारा वयाला ०.३, आणि सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंत ०.१५. या कुपीत मिलिग्रॅमचा आकडा आणि मिलिलीटरचा आकडा एकच येतो, म्हणजे ०.३ मिलिग्रॅम म्हणजे ०.३ मिलिलीटर. तरीही तुमच्या माणसाचा आकडा चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून कुपीच्या डबीला चिकटवा. घाबरलेल्या अवस्थेत दशांश चिन्ह हमखास सरकतं.

चूक कुठे होते ते सांगतो, कारण ती नेहमी त्याच ठिकाणी होते. घरात आजीची इन्सुलिनची सिरिंज असते, तीच उचलली जाते. तिच्यावरच्या खुणा युनिटच्या असतात, मिलिलीटरच्या नव्हे, आणि सुई इतकी आखूड की औषध कातडीखालच्या चरबीतच राहतं. तिथून ते रक्तात हळू पोचतं. लागते ती १ मिलिलीटरची, ०.१ च्या खुणा असलेली सिरिंज आणि एक इंच लांबीची २३ किंवा २४ नंबरची सुई. दोन्ही कुपीसोबत एकाच डबीत ठेवा, आणि प्रत्येकी दोन ठेवा, कारण दुसरा डोस लागू शकतो.

कुपीच्या मानेत अडकलेलं औषध टिचकी मारून खाली आणा, रुमालात धरून मान मोडा, औषध ओढा, हवा काढा, लिहिलेल्या खुणेवर आणा. मांडीच्या बाहेरच्या भागात, गुडघा आणि कंबर यांच्या मध्यावर, सरळ आत. लेंगा किंवा गाऊन पातळ असेल तर कापडावरून दिलं तरी चालतं. दंडात नको, कुल्ल्यात नको, आणि शिरेत तर कधीच नको. सवय नसलेल्या हाताला या सगळ्याला दोन मिनिटांहून जास्त लागू शकतात, म्हणून मुदत संपलेल्या कुपीवर आणि संत्र्यावर महिन्यातून एकदा सराव करा.

घरात ॲड्रेनलिन नसेल तर, आणि बहुतेक घरांत ते नसतंच, घरातली प्रत्येक हालचाल एकाच दिशेने हवी: हा माणूस ॲड्रेनलिनपर्यंत किंवा ॲड्रेनलिन या माणसापर्यंत लवकरात लवकर कसं पोचेल.

जिना

मुंबईत या विषयावर लिहायचं आणि जिन्याबद्दल लिहायचं नाही, हे शक्य नाही. गिरगाव-लालबागच्या चाळी, उपनगरातल्या लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारती, रात्री लिफ्ट बंद ठेवणाऱ्या सोसायट्या. “थोडं बरं वाटतंय, उतरतो हळूहळू,” असं रुग्ण म्हणतो आणि घरचे दोन्ही बाजूंनी धरून त्याला चालवतात.

हे करू नका. या आजारात रक्तवाहिन्या सैल पडतात आणि त्यांतला द्रव बाहेर पाझरतो. माणूस उभा राहिला की उरलेलं रक्त पायांत साचतं आणि हृदयाकडे परत येतच नाही. हृदय रिकामंच धडधडत राहतं. आडव्या रुग्णाला उठवून बसवल्यावर किंवा उभं केल्यावर काही सेकंदांत मृत्यू ओढवल्याच्या घटना २००३ साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदल्या गेल्या आहेत.

रुग्णवाहिका येणार असेल तर तिच्या माणसांना स्ट्रेचर घेऊन वर येऊ द्या. स्वतःच न्यायचं असेल तर जाड सतरंजी किंवा दुहेरी चादर अंगाखाली सरकवा आणि चौघांनी कोपरे धरा. उतरताना पाय पुढे असले की डोकं वर आणि पाय खाली होतात. म्हणून डोकं पुढे, खालच्या बाजूला ठेवून उतरवा. धाप लागली असेल तर मात्र उलटं, डोकं वर. जिना इतका अरुंद असेल की चादर वळत नाही, तर भक्कम लाकडी किंवा लोखंडी खुर्ची मागे झुकवून धरा आणि तिसऱ्याने पाय वर उचलून चालावं. प्लास्टिकची खुर्ची नको, झुकवल्यावर तिचे पाय मोडतात. शेजाऱ्यांची दारं वाजवायला संकोच करू नका. चाळीत चार माणसं दोन मिनिटांत जमतात, टॉवरमध्ये वॉचमनला इंटरकॉमवरून उठवा.

१०८, टॅक्सी की शेजाऱ्याची गाडी

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ पासून चालू आहे आणि तिच्या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो. हे लक्षात ठेवा, कारण त्यामुळे पहिलं इंजेक्शन तुमच्या घरातच मिळू शकतं. फोनवर पहिलं वाक्य असं हवं: “तीव्र ॲलर्जी आहे, ॲनाफिलॅक्सिस, श्वासाला त्रास होतोय, ॲड्रेनलिन लागेल.” मग वय. मग पत्ता, आणि मुंबईत पत्त्यात आधी पूर्व की पश्चिम ते सांगा. तेवढं राहिलं तर गाडी रुळांच्या पलीकडे उभी राहते आणि उड्डाणपूल गाठून परत यायला पंधरा मिनिटं जातात. नंतर विंग, मजला, कुठलं गेट रात्री उघडं असतं, आणि जवळची ठळक खूण. १०८ लागत नसेल तर ११२.

फोन झाल्याबरोबर एकाला खाली पाठवा. त्याची कामं तीन: गेट उघडून ठेवणं, वाट अडवणारी गाडी काढायला लावणं, आणि गल्लीच्या तोंडाशी मोबाइलचा टॉर्च लावून उभं राहणं.

रुग्णवाहिकेला वेळ लागणार असं कळलं आणि कॅज्युअल्टी दहा मिनिटांच्या अंतरावर असेल, तर गाडीने निघा. रात्री दोनला रस्ते मोकळे असतात, हा या शहराने दिलेला एक फायदा आहे. माहीम-सायनच्या दक्षिणेला रिक्षा नाहीत, तिथे टॅक्सीच शोधायची. रुग्णाला मागच्या सीटवर आडवं करा, पाय दुसऱ्याच्या मांडीवर. रिक्षात पूर्ण झोपवता येत नाही, तरी पाठ एकाच्या छातीला टेकवून पाय सीटवर लांब ठेवता येतात. बाइकवर दोघांच्या मध्ये बसवून कधीच नेऊ नका, शुद्ध गेली की तिघेही पडतात. पावसाळ्यात निघण्याआधी ड्रायव्हरला विचारा की वाटेतला सबवे पाण्याखाली आहे का.

कुठे न्यायचं? जिथे रात्री जागा डॉक्टर, ऑक्सिजन आणि ॲड्रेनलिन आहे अशा सगळ्यांत जवळच्या ठिकाणी. परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, सायनचं लोकमान्य टिळक, भायखळ्याचं जे. जे., विलेपार्ल्याचं कूपर, घाटकोपरचं राजावाडी इथे कॅज्युअल्टी चोवीस तास उघडी असते. पण कोपऱ्यावरच्या नर्सिंग होममध्ये ड्यूटी डॉक्टर असेल तर आधी तिथे पहिलं इंजेक्शन घ्या आणि मग मोठ्या रुग्णालयात जा. विमा कुठे चालतो, हा प्रश्न त्यानंतरचा.

कॅज्युअल्टीत काय बोलायचं

“ॲलर्जी झालीय” एवढंच सांगितलं तर गर्दीत केसपेपर काढून बाकड्यावर बसायला सांगितलं जाऊ शकतं. “ॲनाफिलॅक्सिस वाटतोय, गांधी आहेत आणि श्वास लागलाय,” असं दोन्ही लक्षणं जोडून सांगा. केसपेपर दुसऱ्याने काढावा. रुग्ण स्ट्रेचरवरच राहू द्या.

मग सांगायचं ते क्रमाने: किती वाजता सुरू झालं, त्याआधी दोन-तीन तासांत काय खाल्लं, कोणती गोळी घेतली, काय चावलं, घरी काय आणि किती दिलं, वजन किती, दमा आहे का. रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी सोबत न्या. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल यांसारखी औषधं चालू असतील तर ॲड्रेनलिनचा परिणाम कमी होऊ शकतो आणि डॉक्टरांना ग्लुकॅगॉन या दुसऱ्या औषधाचा विचार करावा लागतो.

एविल आणि हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन ‘घरी जा’ असं कुणी म्हटलं, तर नम्रपणे पण स्पष्ट विचारा: “ॲड्रेनलिन मांडीत द्यायची गरज आहे का?” हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

बरं वाटलं की लोक निघायची घाई करतात. थांबा. सुमारे वीसात एका रुग्णाला काही तासांनी, नव्याने काही न खाता, दुसरी लाट येते. ती ७२ तासांपर्यंत केव्हाही येऊ शकते, पण बहुतेकदा पहिल्या दिवसातच येते. सहा तासांचं निरीक्षण सर्वसाधारण. दोनपेक्षा जास्त डोस लागले असतील, तीव्र दमा असेल, किंवा रुग्ण रात्री उशिरा आला असेल, तर ब्रिटनच्या पुनरुज्जीवन परिषदेची (रिससिटेशन कौन्सिल) २०२१ ची मार्गदर्शिका किमान बारा तास ठेवायला सांगते. त्यात रात्रीचा वेगळा उल्लेख आहे, कारण पहाटे चारला घरी पोचलेला दमलेला माणूस गाढ झोपतो आणि दुसरी लाट कुणाला कळतच नाही.

नुसत्या गांधी असतील तर

श्वास, घसा, पोट, चक्कर यांपैकी काही नाही, फक्त खाज आणि गांधी आहेत. मोठ्या माणसाला सेट्रिझीन १० मिलिग्रॅमची एक गोळी द्या. सहा वर्षांवरच्या मुलाला ५ मिलिग्रॅम, दोन ते पाच वयाला २.५ मिलिग्रॅम सिरप. त्याहून लहान बाळाला, गर्भवतीला किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला डॉक्टरला विचारूनच. गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा, गरम पाण्याची अंघोळ नको. आमसुलाचं पाणी अंगाला लावून गार वाटत असेल तर या टप्प्यावर लावायला हरकत नाही.

नंतरचं काम जागं राहण्याचं आहे. पहिला तास दर दहा मिनिटांनी आवाज, ओठ आणि श्वास पाहा, त्यानंतर दर अर्ध्या तासाने, एकूण चार तास. फोनवर गजर लावा. रुग्णाला एकट्याला खोलीत दार लावून झोपू देऊ नका. कुठल्याही क्षणी दुसरं लक्षण आलं की वरच्या क्रमावर जा. डोकं दुखतंय म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक देऊ नका, ती औषधं गांधी वाढवतात.

एक अपवाद. गांधी मुळीच नाहीत, खाजही नाही, पण वडीलधाऱ्या माणसाचा ओठ किंवा जीभ तासाभरात सुजत चालली आहे. रक्तदाबाची गोळी पाहा. नावाच्या शेवटी ‘प्रिल’ असेल, जसं एनॅलाप्रिल, रॅमिप्रिल, तर ही सूज त्या औषधाची असू शकते. ते वर्षानुवर्षं त्रास न होता चाललेलं असलं तरीही. सेट्रिझीनने ती उतरत नाही आणि ॲड्रेनलिनचाही भरवसा कमी. गोळी पुन्हा देऊ नका आणि थेट रुग्णालयात जा.

कशामुळे झालं असेल

रात्री हे का घडतं, याचं एक साधं कारण म्हणजे दिवसातलं मोठं जेवण आणि औषधांच्या गोळ्या दोन्ही रात्रीच पोटात जातात. कोळंबी, चिंबोरी, शेवंड, जवळा यांतलं ॲलर्जी घडवणारं प्रथिन उकळल्याने किंवा तळल्याने नष्ट होत नाही. शिजवतानाच्या वाफेनेही काहींना त्रास होतो. पापलेट खाऊन काही झालं नाही म्हणून कोळंबी चालेल असं नाही, दोन्हींची प्रथिनं वेगळी आहेत. चायनीजच्या गाडीवर एकाच कढईत आधी प्रॉन्स आणि मग तुमचे व्हेज नूडल्स परतले जातात. उपासाच्या रात्री साबुदाण्याच्या खिचडीत, काकडीच्या कोशिंबिरीत, बटाट्याच्या भाजीत शेंगदाण्याचं कूट असतं. बेसनाची ॲलर्जीही भारतात आढळते.

काहींना नुसतं खाऊन काही होत नाही, पण खाण्याला दारू, वेदनाशामक गोळी किंवा व्यायाम यांची जोड मिळाली की होतं. पोळी जेवून लगेच जोरात चालायला किंवा बॅडमिंटनला जाणाऱ्याला गव्हामुळे अशी प्रतिक्रिया येऊ शकते, एरवी तो रोज पोळी पचवत असतो. आणि मटण खाऊन तीन ते सहा तासांनी, झोपेतून उठवणारी एक उशिराची ॲलर्जी आहे. विशिष्ट गोचिडी चावल्यानंतर ती उद्भवते. आठला जेवलेलं बाराला आठवत नाही, म्हणून ती ओळखायला अवघड जाते.

ॲलर्जीसारखाच दिसणारा एक तोतयाही आहे. बांगडा, सुरमई, कुपा हे मासे बर्फाशिवाय राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवून जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल, डोकं जड, धडधड, गांधी. एकाच ताटातलं खाल्लेल्या दोघा-तिघांना एकदम झालं तर हाच संशय धरा. औषध तेच, धाप लागली तर धावपळही तीच, पण त्या माणसाला आयुष्यभर मासे सोडावे लागत नाहीत. तेवढ्यासाठी मासा कुठून, किती वाजता आणला हे लिहून ठेवा.

मधमाशीचा काटा रुतला असेल तर नखाने, कार्डाने, कशानेही, पण पहिल्या काही सेकंदांत काढा. चिमटा शोधत बसलात तर तेवढ्यात विष आत जात राहतं.

दुसऱ्या दिवशी

उरलेलं कालवण टाकू नका, झाकण लावून फ्रीजमध्ये वेगळं ठेवा. गोळ्यांची पट्टी, पाकिटावरची घटकांची यादी आणि गांधींचे फोटो जपून ठेवा, कारण ॲलर्जीच्या डॉक्टरची वेळ मिळेपर्यंत त्वचा स्वच्छ झालेली असते. रुग्णालयात असतानाच ट्रिप्टेज नावाची, ॲनाफिलॅक्सिस झाला होता का हे ठरवायला मदत करणारी रक्तचाचणी होते का ते विचारा. रक्त पहिल्या एक-दोन तासांत, फार तर चार ते सहा तासांत घेतलेलं हवं, आणि तुलनेसाठी २४ तासांनंतर पुन्हा एकदा.

त्वचेवरच्या चाचण्या घाईने करू नका. मोठ्या प्रतिक्रियेनंतर चार ते सहा आठवडे त्या खोट्या नकारार्थी, म्हणजे ॲलर्जी असूनही ‘नाही’ अशा, येऊ शकतात. आणि शंभर पदार्थांची रक्ततपासणी एकदम करून घेण्याचा मोह टाळा. आकडा वाढलेला दिसतो तो पदार्थ त्रास देतोच असं नाही, आणि अशा अहवालावरून मुलांचं दूध, गहू, डाळ सगळं बंद केलेली घरं बरीच आहेत. काय खाल्लं, किती वेळाने काय झालं, याची तुमची नोंद डॉक्टरला त्या अहवालापेक्षा जास्त सांगते.

मग एक डबी तयार करा: सेट्रिझीन, दमा असेल तर पंप आणि स्पेसर, डॉक्टरने दिलं असेल तर ॲड्रेनलिनच्या दोन कुपी, सिरिंजा, सुया, आणि मराठी-हिंदीत लिहिलेलं एक कार्ड, ज्यावर नाव, वजन, ॲलर्जी, डोस आणि घराचा पूर्ण पत्ता आहे. ॲड्रेनलिनला उजेड आणि उष्णता सोसत नाही. गॅसजवळचं कपाट, खिडकीची कड आणि स्कूटरची डिकी या तिन्ही जागा वर्ज्य. फ्रीजरमध्येही नको. वेष्टनावरचं तापमान पाहून घरातल्या सगळ्यांत थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवा. महिन्याच्या एक तारखेला कुपी उजेडात धरून पाहा. औषध पाण्यासारखं स्वच्छ हवं, गुलाबी किंवा तपकिरी झाक दिसली की बदला, मुदत बाकी असली तरी.

आणि एखाद्या दुपारी, कुणी आजारी नसताना, जवळच्या नर्सिंग होमच्या काउंटरवर जाऊन दोन प्रश्न विचारून या: रात्री डॉक्टर इमारतीतच असतो की घरून बोलवावा लागतो, आणि ॲड्रेनलिन कॅज्युअल्टीत ठेवलेलं असतं की खालच्या मेडिकलमधून आणावं लागतं. उत्तर डबीतल्या कार्डाच्या मागे लिहून ठेवा.